मधाचं बोट

आमच्या नातीला, शिवकन्येला, मोठ्यांची काडीची भीड राहिली नाही. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला काय गेली, बाळंतिणीच्या खोलीत फौजदार होऊन बसली. माझ्या नातवाला मुलगी झाली. पहिलं मधाचं बोट मानाचं असतं. ज्याचं बोट, त्याचा स्वभाव लेकराला येतो. म्हणून तर सारी भावकी मलाच बोलावते. मी वाटी घेऊन वाकले, तर या शिवकन्येनं माझं मनगटच धरलं.

"आज्जी, मध द्यायचा न्हाई. सहा महिने नुसतं आईचं दूध. पाणीसुदा न्हाई."

"अगं, मी कोण हाय, ठाव हाय का?"

"ठाव हाय. बोट खाली घ्या."

मी डोळे वटारले. तिनं माझ्याहून मोठे वटारले. तिची आई, म्हणजे माझी सून, तोंडाला पदर लावून हसली. "आत्याबाई, हिला मध तुमीच चाटवलाय."

मी गुमान वाटी शिवकन्येच्या हातात दिली.

"घे, तूच खा. या घरात मी एकटीच लई होते, त्यात तू झालीस. आता तिसरी कुणाला झेपायची न्हाई!"