आरशामागचा कॅमेरा

सुवर्णा कारंजाच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. घरी स्मार्ट आरसा बनवायचा म्हणून नवऱ्याने, रत्नाकरने, सामानाची यादी तिच्यापुढे ठेवली.

"विंडोजचा जुना लॅपटॉप नको, सुरू व्हाले लई वेळ लागते. रास्पबेरी पायचा तळहाताएवढा कॉम्प्युटर घ्या, लिनक्स मी टाकतो," ती म्हणाली. मग यादीवरचं तिचं बोट थांबलं. "तारीख अन् हवामान दाखवाले कॅमेरा काऊन पाह्यजे?"

"ड्युटीवरून मोबाइलवर घर दिसते."

"घर, का मी?"

त्याने यादीतल्या कॅमेऱ्याखाली रेघ ओढली.

कॅमेराही तिनेच जोडून दिला. सोमवारी ड्युटीवर पोचताच रत्नाकरने मोबाइल उघडला. सुवर्णा आरशासमोरच उभी होती, पायाशी दोन भरलेल्या बॅगा होत्या.

"दिसून राह्यलं ना नीट?" तिने विचारलं, आणि बॅगा उचलून ती घराबाहेर पडली.