भाटाच्या वहीतलं टिंब

मोतीलाल भाटाने ओट्यावर बसून वहीवरचं लाल फडकं सोडलं. त्याच्यासाठी घोंगडी झुलालनानांनी आज स्वतःच्या हाताने अंथरली होती. मागच्या खेपेला त्यांनी त्याला ‘बस’सुद्धा म्हटलं नव्हतं.

वही पवारांच्या पिढ्यांची. दर बारा वर्षांनी भाट माळव्यातून निघायचा आणि भाऊबंदांची गावं घेत घेत चोपड्याच्या बाजूला उतरायचा. कोणाच्या घरी मुलगा झाला, त्याचं नाव लिहायचा. कोण गेलं, त्याच्या नावापुढे टिंब द्यायचा. पवारांचा वंश म्हणे थेट धारच्या राजा भोजापासून निघालेला. खरं-खोटं त्या राजालाच ठाऊक.

मागच्या खेपेला नानांचा मुलगा सुकदेव पाच वर्षांचा होता. भाटाने नाव विचारलं, तेव्हा नाना ऐन घाईत होते. त्यांच्या केळीचा पहिला ट्रक दिल्लीला निघायचा होता, आणि माणूस अशा वेळी जरा हवेतच असतो. “तुना राजा भोज येई का रे मनी केळी कापाले?” ते म्हणाले. ट्रक भरणारे गडी खो खो हसले. “पुढला खेपले लिखजो. पोऱ्या काय पळी जाई का?”

पोरगा पळून गेला नाही. गेल्या भादव्यात त्याच केळीच्या बागेत त्याला साप चावला. बैलगाडी चोपड्याच्या दवाखान्यापर्यंत पोचायच्या आतच सगळं आटोपलं होतं. सतरा वर्षांचा होता.

“लिख,” नाना म्हणाले. “सुकदेव. सुकदेवसिंग झुलालसिंग.”

भाटाने दौतीत टाक बुडवला आणि हसून आत पाहिलं. “कुठं आहेत कुंवर? बाहेर तर बोलवा.”

नानांनी सांगितलं. सांगायला दोनच वाक्यं लागली. भाटाने टाक खाली ठेवला.

“नाना, वहीत जिवंत माणसाचं नाव चढतं. तो गेला की त्याला टिंब. नावच चढलं नाही, त्याला मी काय करू?”

“गुन्हा मना शे. पोऱ्याना काय गुन्हा?” नाना म्हणाले. “रेशनकारडवरनं नाव काढं. शाळानी हजेरीमाईन काढं. आठे, वहीमा तरी ऱ्हाऊ दे, रावजी.”

बारा वर्षांपूर्वी ज्याला त्यांनी ‘अरे-तुरे’ करून उन्हात उभं ठेवलं होतं, त्याला ते आज रावजी म्हणत होते. आपलं आपल्यालाच ते ऐकू आलं. लाज वाटली, पण लाजेला आता धरून ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

भाट बराच वेळ वहीच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिला. दारात सुकदेवची आई यशोदाबाई डोक्यावरचा पदर ओढून उभ्या होत्या. पाच महिन्यांत त्यांचा आवाज शेजारणींनीही ऐकला नव्हता.

“एक होईल,” भाट हळूच म्हणाला. “जिवंत आहे म्हणून लिहितो. माझ्या बापाने, आज्याने असं कधी केलं नाही. पण मग त्याला टिंब कधीच देता येणार नाही, नाना. मी नाही, माझा मुलगाही नाही. खोट्या नावावर टिंब चढत नाही.”

“टिंब कोणले पाहिजे?” नाना म्हणाले. घाईघाईने त्यांनी दौत त्याच्यापुढे सरकवली.

भाटाने नाव लिहिलं. झुलालसिंगच्या खाली एक रेघ ओढून, सुबक अक्षरात. नानांना वाटलं, पोराला निदान कुठंतरी बसायला जागा मिळाली. किती दिवसांनी त्यांच्या छातीत श्वास पुरता गेला.

नवं नाव चढलं की सबंध वंश घराला वाचून दाखवायचा, आणि ज्याचं नाव येईल त्या हयात माणसाने पानावर हात ठेवायचा, अशी रीत. भाटाने खाकरून आवाज लावला.

“राजा भोज, धारानगरीचे धनी, तलाव बांधणारे, पंडितांचे पोशिंदे. टिंब.” त्यांच्यामागून राजपुत्र आले, किल्लेदार आले, लढाईत पडलेले आले. मग सातपुडा उतरून खाली आलेले, मग नुसतेच शेत कसणारे. प्रत्येकामागे टिंब. भाटाचा आवाज उतरत उतरत अंगणात आला. “हरिसिंग, टिंब. मोहनसिंग, टिंब. झुलालसिंग.”

नानांनी पानावर उजवा हात ठेवला.

“सुकदेवसिंग,” भाट म्हणाला आणि थांबला. चाळीस वर्षांची सवय होती, हात येईपर्यंत थांबायची.

नानांचा डावा हात मांडीवरून उचलला गेला. पानापर्यंत आला नाही. परत मांडीवर पडला.

“रावजी,” यशोदाबाई दारातून म्हणाल्या. भाटाने चमकून वर पाहिलं. “पुढला खेपले आम्हले बी टिंब दिशात तुम्ही. मंग ह्या सगळा मरेल मानसेसमां मना पोऱ्या एकलाच जित्ता ऱ्हाई का?”