खोट्या माणिकची भेट

"पुन्हा आलीस?" हेमाक्का पडद्यावरून वैतागून म्हणाली. "सकाळपासून हजारदा 'अक्का, कशी आहेस?' विचारतेस आणि उत्तर न ऐकताच जातेस. जा, मी नाही बोलत."

माणिकताई चक्रावल्या. थोरली बहीण हेमाक्का वारल्यापासून तिच्या जपून ठेवलेल्या आठवणींशी बोलायला त्या दर गुरुवारी स्मृतिकेंद्रात यायच्या. आज तर त्या आत्ताच येऊन बसल्या होत्या.

त्यांनी केंद्रातल्या शार्दूलला हाक मारली. तो ओशाळला.

"काकू, एकदम गर्दी झाली तर यंत्रणा टिकते का, याची चाचणी होती. तुमच्या नावाने हजारो खोट्या भेटी पाठवल्या. जोडणी सरावाच्या डेटाबेसला द्यायची असते, ती मी मुद्दाम अक्कांच्या खऱ्या आठवणींना दिली."

"का रे?"

"सरावाच्या डेटाबेसमध्ये उत्तर द्यायला कुणी नसतं. पण काळजी नको, अक्कांच्या आठवणीतून आजचा दिवस पुसून टाकतो."

"खबरदार!" माणिकताई कडाडल्या. "दिवसभर तिला छळलंस, आणि वर तिचा दिवसही पुसणार? गेलेलं माणूस म्हणजे काय चव्हाट्यावरचा नळ आहे, कुणीही सोडून धार बघायला? आधी माफी माग तिची! लहानपणी हिनं माझी रिबीन ढापली, तेव्हा महिनाभर मी हिच्याशी बोलले नव्हते. तो अबोलासुद्धा आमचा होता. तो पुसायला कुणी आलं नव्हतं!"

पडद्यावरून खुदकन हसू आलं.

"माणके, रिबीन माझीच होती," अक्का म्हणाली. "बस आता. त्या मेल्या खोट्या माणक्या फारच गोड बोलत होत्या."