राउटरमधलं नाव

पंचाक्षरी सरांनी टेबलावर चार डबे मांडले आणि म्हणाले, "सांगा वहिनी. यातला कुठला कोण?"

वर्षाराणीनं हात साडीला पुसले. औशाच्या या कॉलेजात संगणकाची खोली तिचा नवरा, दयानंद, सांभाळायचा. वर्षापूर्वी छातीत कळ आली आणि तो गेला. संस्थेनं त्याच्या जागी तिला घेतलं, पण कच्च्या नोकरीवर. दयानंदचे जुने सहकारी पंचाक्षरी सर आज घेत होते ती परीक्षा निभावली तर नोकरी पक्की होणार होती.

"ह्यो हब, ह्यो स्विच," ती म्हणाली. "दिसायला जुळे भाऊ. वागायला एक न्हाईत."

"म्हणजे?"

"हब म्हणजे आमच्या गावच्या देवळावरचा भोंगा, सर. केवळाबाईची एक शेळी हरवली तरी समद्या गावाला ऐकावं लागतं. स्विच तसा न्हाई. ज्याचा निरोप त्याच्याच दारात."

"अन् राउटर?"

"औशाचा स्टँड. गावातल्या गावात फिरायला तो लागत न्हाई. लातूरला, निलंग्याला, कुठंबी भाईर जायचं तर गाडी तिथूनच."

मोडेमपाशी ती जरा अडखळली. कंपनीच्या तारेतून येतं ते आपल्या मशीनला उमगत नाही, हा डबा ते उमगेल असं करून देतो, एवढं तिनं सांगितलं. सरांनी कागदावर बरोबरची खूण केली.

"कुणी शिकवलं?"

"कोण शिकवणार? इथं दिवसभर मी अन् ही वीस मशीनं. हात लावून लावून शिकले."

ते खरंच होतं. पोरांचा तास आठवड्यातून दोनदा. खाली ऑफिसातल्या बायका मिळून डबा खायच्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी तिला बोलावलं. पण ती जाऊन बसली की हसणं थांबायचं, सगळ्याजणी आपापल्या भाकरीकडं बघत जेवायच्या. मग तीच वर जेवायला लागली. लेक तनुजा नांदेडला नर्सिंगला होती, रविवारी फोन करायची.

"आता शेवटचं," सर म्हणाले. "नेट लई हळू चाललंय. राउटर उघडा आणि आपल्या कॉलेजची नसलेली सगळी मशीनं, फोन काढून टाका. बघू द्या मला."

वर्षाराणीनं राउटरचं पान उघडलं. जोडलेल्यांची यादी आली. पोरांचे फोन होते, कँटीनवाल्याचा होता, कुणाचा तरी टीव्हीही होता. एकेक नाव निवडून ती काढत गेली. यादीच्या तळाशी येऊन तिचा हात थांबला.

सर मागून वाकले. तिथं दयानंदचं नाव होतं.

"हे जुनं राहिलं असेल," ते हलक्या आवाजात म्हणाले. "काढा."

"जुनं न्हाई, सर. आत्ता चालू हाय."

तिनं टेबलाच्या खणातून फोन काढून त्यांच्यापुढं ठेवला. काच एका कोपऱ्यात तडकलेली. दयानंदचाच. पंचाक्षरी सरांनी तो कितीदा तरी त्याच्या हातात पाहिला होता.

"सिम कवाच बंद पडलं. घरी नेट न्हाई. इथं आणलं की आपोआप लागतो." तिनं पडद्यावरचं फूल दाखवलं. "धर्माबादचे कुणी शेषेराव हाईत. मला ते ठावं न्हाईत, यांनी कधी नाव काढलं न्हाई. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर फुलाचं चित्र धाडतात, शुभ सकाळ दयानंदराव म्हणून. त्यांना कुणी कळवलंच न्हाई, सर. मी उघडते. तिकडं निळ्या खुणा दिसतात. मंग दुसऱ्या दिवशी ते पुन्हा धाडतात."

सरांनी फोन उचलला आणि परत टेबलावर ठेवला. वऱ्हांड्यातून कुणीतरी बादली सरकवत गेलं.

"राहू द्या, वहिनी," ते शेवटी म्हणाले. "एका फोननं काय होतंय."

"पोरांचे काढले न्हवं?"

तिनं फोन हातात घेतला. आजचं फूल जास्वंदीचं होतं. त्याच्याखाली ती पहिल्यांदाच लिहू लागली. एकेक अक्षर शोधावं लागत होतं. सरांना वाचायचं नव्हतं, तरी दिसलं: *दयानंद गेले. वरीस झालं. मी त्यांची बायको लिहायलेय.*

संदेश गेला. दोन खुणा आल्या, लगेच निळ्या झाल्या. शेषेरावांच्या नावाखाली अक्षरं दिसायला लागली, ते काहीतरी लिहीत होते. अक्षरं गेली. पुन्हा आली.

वर्षाराणीनं फोन पालथा ठेवला, माऊस धरला आणि यादीतून नाव काढून टाकलं.

पंचाक्षरी सर कागदावर सही करायला बसले. पेन हातात तसंच राहिलं. तोंडी परीक्षेचा एक रकाना अजून रिकामा होता, आणि काहीतरी बोलायला तर हवंच होतं.

"वहिनी, राउटरमधनं नाव काढलं," त्यांनी वर न बघता विचारलं, "तर फोन बंद पडतो का?"

"न्हाई, सर," ती म्हणाली. "फोन चालूच राहतो. सकाळी साडेपाचला गजरबी वाजतो. फक्त भाईरचं कुणी त्याच्यापातुर पोचत न्हाई."