चिठ्ठीवरची जागा

"इथं," गोरक्षनाथ म्हणाला आणि बुटाच्या टाचेनं त्यानं मातीत खूण केली.

रतनबाई खुणेजवळ उकिडवी बसली. तळहातानं तिनं माती चाचपली. बुलडोझरनं उलथलेली भुसभुशीत माती, सगळ्या माळावर होती तशीच. "इथंच ना, सायेब?"

"इथंच, मावशी. मशीन सांगतंय."

मशीन त्याच्या मुठीत मावत होतं. परदेशातून आलेलं. उपग्रहांवरून आपली जागा आकड्यांत सांगायचं, आणि त्यात एखाद्या जागेचे आकडे भरले की काचेवर त्या दिशेचा बाण यायचा, खाली किती लांब जायचंय तेही. पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थेनं ते गोरक्षनाथच्या हातात दिलं, तेव्हा मिरजगावच्या आसपास त्याचा केवढा बोलबाला झाला होता. चावडीवर लोक हातात घेऊन उलटंपालटं करून बघायचे.

गेल्या उन्हाळ्यात हा माळ सपाट करून बांध घालायचं ठरलं, तेव्हा बुलडोझरसमोर ही बाई बसली होती. हिवराच्या झाडाखाली तीन धोंडे, आणि धोंड्यांखाली बारा वर्षांपूर्वी पुरलेलं तिचं लेकरू. त्यानंतर कूस काही उजवली नाही. गावातली माणसं समजावून थकली, ड्रायव्हर शिव्या घालून थकला. तिला उठवलं ते गोरक्षनाथनं. धोंड्यांवर मशीन ठेवून त्यानं आकडे घेतले, डायरीच्या पानावर लिहिले आणि पान फाडून तिच्या हातात दिलं. "मावशी, झाड जाईल, धोंडे जातील, पण हे आकडे कुठं जात नाहीत. कधीही या, मी जागा दाखवीन." माणूस वाईट नव्हता हो. शिकलेला होता आणि कनवाळूही होता, आणि ही दोन्ही एका ठिकाणी आली की माणूस भलतीच हमी देऊन बसतो. रतनबाई उठली. तिन्ही धोंडे तिनं स्वतःच्या हातानं उचलून बाजूला टाकले.

आज लेकराचा दिवस होता. दरवर्षी या दिवशी ती दूध घालायची. तिनं तांब्या कलता केला, खुणेवर धार धरली, आणि तान्ह्या पोराशी बोलतात तसं खालच्या आवाजात काहीबाही बोलू लागली. गोरक्षनाथला ते ऐकवेना. त्यानं नजर वळवली, ती सवयीनं मशीनकडेच गेली.

बाण फिरला होता. मघाशी शून्य दाखवत होतं, आता अठ्ठावीस मीटर. ओढ्याच्या बाजूला.

तो तर जागचा हललाही नव्हता. पुण्याच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की ह्या मशीनमध्ये फरक येतो, कधी कधी शंभर मीटरचाही. ज्यांचे उपग्रह ते परदेशी लष्कर त्या काळी मुद्दाम चूक घालायचं, दुसऱ्यांच्या फौजांना नेमकी जागा कळू नये म्हणून. त्यानं ते वहीत उतरवूनही घेतलं होतं. पण त्यांच्या नकाशावर शंभर मीटर म्हणजे दोन मिलिमीटर, बोथट पेन्सिलीची एक रेघ. तेवढ्यानं कुणाचं काय अडणार होतं? आता रतनबाईचं अडलं होतं. तिचं लेकरू काही नकाशात पुरलेलं नव्हतं.

गप्प बसला असता तर बाई समाधानानं घरी गेली असती. बसायला हवं होतं. पण तिनं त्याचं तोंड पाहिलं आणि धार थांबवली.

"काय झालं, सायेब?"

"जरा... तिकडं दाखवतंय आता."

"मंग तिकडं चला."

ती उठून त्याच्या मागं चालू लागली. ओढ्याकडं गेल्यावर पुन्हा शून्य आलं. त्यानं पुन्हा खूण केली, ती पुन्हा बसली, आणि उरलेलं सगळं दूध तिनं तिथं ओतलं. या वेळी तिची नजर मशीनवर होती. त्याचीही. शून्याचे नऊ झाले. नवाचे सोळा. मग एकतीस, आणि बाण रस्त्याकडं.

गोरक्षनाथनं मशीन बंद केलं, पुन्हा सुरू केलं. बॅटऱ्या काढून शर्टाला पुसून घातल्या. रस्त्याकडं गेला, तिथून बांधाकडं, बांधावरून परत ओढ्याकडं. ऊन चढलं. रिकामा तांब्या घेऊन रतनबाई मागोमाग होती. तीस एकरांचा माळ, झाड नाही, झुडूप नाही, सगळीकडं सारखाच.

"मावशी, तुम्हाला काही ओळखू येतं का?" त्यानं शेवटी विचारलं.

"झाड हुतं तवर येत हुतं."

तो मटकन बांधावर बसला. "माझी चूक झाली, मावशी. ह्या मशीनला नेमकी जागा सांगता येत नाही. मला ठाऊक होतं, तरी मी तुम्हाला उठवलं. आता ती जागा कुणालाच सापडायची नाही."

रतनबाईनं ऐकून घेतलं. कनवटीची चिठ्ठी तिनं काढली, उलगडली, तिला न वाचता येणाऱ्या आकड्यांकडं बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं पहिल्या खुणेकडं पाहिलं, दुसऱ्या खुणेकडं पाहिलं, आणि खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं विचारलं,

"सायेब, नऊ म्हयन्यांचं हुतं त्ये. रांगाया बी शिकलं न्हवतं. येवढ्या लांब लांब कसं जाईल?"