करोल बागेतली गर्दी

फोन आला तेव्हा क्षिप्रा दिल्लीतल्या मयूर विहारात, स्वतःच्याच बिल्डिंगखालच्या बाकावर बसली होती.

"कुठे आहेस?" साकेतने विचारलं.

"करोल बागेत, बाजारात," ती बेधडक खोटं बोलली.

या खोट्याची आता तिला सवय झाली होती. नवरोबा, म्हणजे मेजरसाहेब, सीमेवर होते तेव्हा फोनवर तासन्‌तास बोलायचे, बर्फापासून बटाट्याच्या भाजीपर्यंत. घरी आले आणि तोंडाला कुलूप. तिने हात धरला तर पाणी आणायला उठायचे. पण ती घराबाहेर पडली रे पडली की फोन यायचा, आणि फोनवर तोच जुना साकेत असायचा. मग काय, बाई ऊठसूट खरेदी काढून बाहेर पडू लागली. नवऱ्याशी दोन शब्द बोलायला नवऱ्यापासून लांब जायचं. हसावं की रडावं तेच तिला कळेना.

"ऐक ना." आज त्याचा आवाज वेगळाच होता. "विनयबद्दल सांगायचंय. कोणालाच सांगितलं नाहीये यार."

विनय त्याचा जिवलग दोस्त. साकेत परत आला, विनय आला नाही. क्षिप्राने फोन कानाशी आणखी दाबला. हे एकदा त्याच्या तोंडून बाहेर पडलं की आपला नवरा खरोखर घरी येईल, असं तिला मनापासून वाटत होतं.

"सांग. मी ऐकतेय."

"त्या दिवशी पुढे मी जायचं होतं. पण मी त्याला..."

तेवढ्यात कुंपणाबाहेर कबाडीवाल्याच्या गाडीवरचा भोंगा सुरू झाला. "लोहा, प्लास्टिक, पुराना अखबाऽर." क्षिप्राला तो समोरूनही ऐकू आला आणि फोनमधूनही. म्हणजे साकेतलाही तो दोनदा ऐकू गेला असणार. तो बोलायचा थांबला.

तिने वर पाहिलं. फोन कानाला लावूनच तो बाल्कनीत आला होता. नजरानजर झाली. तिने कसनुसं हसून पिशवी उचलली.

"करोल बागेत खूप गर्दी असेल ना?" तिच्याकडे बघत तो फोनमध्ये म्हणाला. "आरामात ये. घाई नको."

तो आत गेला. बाल्कनीचं दार त्याने आतून लावून घेतलं.

क्षिप्रा परत बाकावर टेकली. आजूबाजूला चिटपाखरूही नव्हतं. फोन कधीच कट झाला होता.

"हो ना," ती त्या बंद फोनमध्येच म्हणाली, "फार गर्दी आहे."