भिंतीवरचा मुकादम

“मान धर. शेपूट काय धरतोस!”

ताईच्या भावाने, पुस्तकं शिवणाऱ्या बाइंडरने, मान धरली. ताईने बोकडासारख्या ताकदीच्या त्या म्हाताऱ्या बोक्याचा, मुकादमाचा, जबडा उघडला, गोळी जिभेच्या मुळाशी ठेवली, गळ्यावरून हात फिरवला.

गिळली.

मग मुकादम मागच्या पायरीवर ऐटीत बसला. घरात तो कधी आला नाही. पायरीपर्यंत, बस्स.

अंगणातल्या मांजरांपैकी हा शेवटचा. पिवळी मोटारीखाली गेली. काळ्या एके दिवशी आलाच नाही. ताई अजून त्याची वाटी धुऊन पालथी घालते.

“हा गेला, तर मला सांगू नकोस,” ती भावाला म्हणायची. “फेकून दे कुठेतरी आणि सांग, फिरायला गेलाय.”

मुकादमाला तपासून डॉक्टर म्हणाले होते, “रक्तदाब आहे. सकाळी एक गोळी. एखादे दिवशी राहिली तर चालेल, एका दिवसात दुसरी मात्र देऊ नका. म्हातारं हृदय, बंद पडेल.”

म्हणून गोळ्या ताईच्या कपाटात. किल्ली कमरेला.

“माझ्यावर विश्वास नाही?”

“पुस्तकाची पानं उलटी शिवणारा माणूस तू. नाही.”

गोळी लागू पडली. मुकादम पुन्हा भिंतीवर चढायला लागला. पलीकडे घड्याळजीचं अंगण. झाडांत मांजरं घाण करतात म्हणून घड्याळजी एकदा काठी घेऊन ओरडला होता. तेव्हापासून दोन घरांत अबोला.

मग मुकादमाचे पाय लटपटू लागले.

भिंतीवरून पडला. उठला. पुन्हा पडला.

“गोळी नीट देताय ना?” डॉक्टरांनी विचारलं.

“मी स्वतः देते.”

“मग वय.”

ताईला वय पटलं नाही. “तिकडून येतो आणि आडवा होतो. काहीतरी घालतोय तो मेला.”

“पाहिलंस?”

“पाहायला कशाला हवं?” आणि मग भिंतीकडे तोंड करून, मोठ्याने, “मुक्या जिवाचा तळतळाट लागतो म्हणावं!”

पलीकडे कुठलंसं घड्याळ ठोके देत राहिलं.

आज सकाळी मुकादमाने गोळी घेतली, पायरीवर अंग टाकलं आणि उठला नाही. ताई शेजारी बसली. पोटावर हात ठेवून. पोट हलायचं थांबलं तरी हात तिथेच.

बाइंडर खड्डा खणत असताना पुढचं दार वाजलं.

घड्याळजी. हातात घडी घातलेलं जुनं फडकं, त्यावर मांजराचे केस.

“मजा बघायला आलास?” ताई म्हणाली.

“भिंतीवरून दिसलं सगळं. हे त्याचं अंथरूण आहे. त्यात गुंडाळा.” त्याचे डोळे सुजले होते. “ओरडलो होतो, खरं आहे. पण हा रोज यायचा हो. एकटा माणूस मी, लळा लागला. मध्ये नजर अंधूक झाली त्याची. म्हटलं, तुमचं लक्ष नसेल. विचारणार कसं, बोलणं बंद. मग मीच टोपलीत घालून नेलं दुसऱ्या दवाखान्यात.”

खणणं थांबलं.

“काय म्हणाले?” ताईने विचारलं.

“रक्तदाब. सकाळी एक गोळी. माशात लपवून द्यायचो, ताई. देवाशपथ, एकही दिवस चुकवली नाही.”